फोल्डरची कॉपी आपोआप दुसऱ्या डिस्कवर: फ्रीफाईलसिंक पहिल्यापासून, आपल्याकडच्या लायटीचा आणि पावसाचा हिशेब धरून

होमस्टेवाल्यांची बुकिंगची एक्सेल शीट, बागायतदाराची पेट्यांची बिलं, स्टुडिओवाल्याचे लग्नांचे फोटो, शाळेतल्या सरांचे पेपर नि निकाल, हे सगळं बहुतेक ठिकाणी एकाच कॉम्प्युटरच्या एकाच डिस्कवर पडलेलं असतं. कॉपी आहे का विचारलं की उत्तर येतं, "हो, शिमग्याच्या आधी एकदा पेनड्राइव्हवर घेतलेली." हाताने कॉपी करायची म्हटलं की माणूस दोन आठवडे नेमाने करतो, मग आंब्याचा सीझन लागतो, पाठोपाठ मे महिन्यातले पाहुणे, आणि राहिलं ते राहूनच जातं. म्हणून हे काम कॉम्प्युटरच्याच गळ्यात मारायचं. आपण फक्त एकदा बसून सेटिंग करायचं, तासाभराचं काम आहे, पहिली मोठी कॉपी मागे चालू राहील ती वेगळी.

मी इथे फ्रीफाईलसिंक हे फोल्डरची कॉपी ठेवणारं सॉफ्टवेअर घेऊन सांगतोय कारण ते विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं, समोर डावी-उजवी बाजू स्पष्ट दिसते आणि काही करायच्या आधी काय होणार ते दाखवतं. स्टेप्स मात्र विंडोजच्या आहेत. डाउनलोड फक्त फ्रीफाईलसिंक डॉट ओआरजी या त्यांच्याच साईटवरून करा, गूगलवर वरती दिसणाऱ्या दुसऱ्या कुठल्यातरी डाउनलोड साईटवरून नको, तिथून सोबत काय काय येतं त्याचा नेम नाही. घरगुती वापराला फुकट आहे, पण दुकान-ऑफिससाठी वापरणार असाल तर त्यांची बिझनेस एडिशन वेगळी आहे, डाउनलोडच्या पानावर अटी वाचून घ्या. भाषा इंग्लिशच ठेवा, नाहीतर मी लिहिलेली बटणं सापडायची नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण अर्धे लोक इथेच गोत्यात येतात. यात डावीकडे तुमचा मूळ फोल्डर असतो आणि उजवीकडे कॉपी. मिरर मोड म्हणजे डावीकडे जे आहे तेच आणि तेवढंच उजवीकडे. डावीकडे फाईल नवीन आली की उजवीकडे येणार, डावीकडे बदलली की उजवीकडे बदलणार, आणि डावीकडे डिलीट झाली की उजवीकडूनही जाणार. म्हणजे पोराने खेळता खेळता 'बिले' फोल्डर उडवला, तुम्हाला पत्ताच नाही, रात्री सिंक, म्हणजे दोन्ही बाजू जुळवायचं काम, चाललं, की कॉपीतूनही बिलं गेली. व्हायरसने फाईली लॉक केल्या तर त्या लॉक झालेल्या फाईली इमानदारीत दुसऱ्या डिस्कवर जाऊन बसणार. नुसता मिरर लावला तर डिस्क खराब होण्यापासून तुम्ही वाचता, चुकीपासून वाचत नाही. त्याला उपाय आहे, व्हर्जनिंग, म्हणजे जुन्या फाईली पुसण्याऐवजी बाजूला जपून ठेवणं, आणि ते चालू केल्याशिवाय मिरर लावू नका असं माझं स्पष्ट मत आहे. कसं करायचं ते खाली येतंच.

आधी घर आवरा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी सगळं कामाचं एका जागी आणा. डेस्कटॉपवर चाळीस आयकॉन, डाउनलोड्समध्ये पीडीएफ, सातबाराचे स्कॅन व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये, असं असेल तर कुठलंच सॉफ्टवेअर मदत करणार नाही. डी ड्राइव्हवर 'काम' नावाचा एक फोल्डर करा, त्यात बिलं, फोटो, कागदपत्रं असे पोटफोल्डर. पूर्ण सी ड्राइव्ह मिरर करायच्या भानगडीत पडू नका, विंडोज आणि प्रोग्रॅम असे कॉपी करून परत चालत नाहीत, उगाच जागा जाते.

डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉप वनड्राइव्हशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीशी, जोडलेले असतील तर एक भानगड आहे. तिथल्या काही फाईली नुसत्या नावाला दिसतात, खऱ्या फाईली इंटरनेटवर असतात, आणि कॉपी करायला घेतल्या की त्या आधी डाउनलोड होतात. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवणाऱ्याचा दिवसाचा डेटा अशाने चहा पिऊन येईपर्यंत संपतो. म्हणून काम वेगळ्या साध्या फोल्डरमध्येच बरं.

डिस्कचं बोलायचं तर 'काम' फोल्डर जेवढा आहे त्याच्या निदान दुप्पट जागेची बाहेरची हार्डडिस्क घ्या, जुन्या व्हर्जन्सनाही जागा लागते. रोजच्या मिररला पेनड्राइव्ह नको. डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असावी, मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट. एफएटी-३२ असेल तर ४ जीबीच्या वरची एकही फाईल त्यात मावत नाही, लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी हे आधीच बघावं. फॉरमॅट केलं की डिस्कवरचं सगळं जातं हे सांगायला नको, तरी सांगतो.

मग 'धिस पीसी'मध्ये डिस्कवर राइट क्लिक, 'रीनेम', आणि तिला ओळखीचं नाव द्या, समजा 'कॉपी-एक'. हे नाव पुढे फार उपयोगाला येणार आहे. डिस्कवर दोन फोल्डर करा: 'मिरर' आणि 'जुनं'. दोन्ही शेजारी शेजारी, एकात एक नाही.

सेटिंग

फ्रीफाईलसिंक उघडा. वरती डावीकडे 'ब्राउझ' करून डी ड्राइव्हचा 'काम' फोल्डर निवडा, उजवीकडे बाहेरच्या डिस्कवरचा 'मिरर'. डावं म्हणजे मूळ, उजवं म्हणजे कॉपी. दोघांच्या मध्ये बाजू अदलाबदल करायचं बटण असतं, त्याला हात लावायचा नाही, कारण उलटं झालं तर रिकामी डिस्क मूळ ठरेल आणि तुमचं भरलेलं फोल्डर रिकामं करायला निघेल.

उजवीकडे नुसता डिस्कचा रूट, म्हणजे 'ई कोलन', असं कधीही देऊ नका. ड्राइव्हची अक्षरं बदलतात. आज ई आहे ती डिस्क उद्या कोणाचा तरी पेनड्राइव्ह आधी लावला असेल तर एफ होते, आणि ई वर त्या बिचाऱ्या पाहुण्याचा पेनड्राइव्ह असतो. रूटला मिरर लावलेला असेल तर त्याच्यावरचं सगळं 'डावीकडे नाही' म्हणून पुसायला निघणार. 'मिरर' फोल्डर दिला असेल तर तो फोल्डर तिथे सापडत नाही, आणि पेनड्राइव्हवरच्या बाकीच्या फाईलींना हात लागत नाही, काम भागलं. त्याहून पक्कं करायचं तर पाथच्या चौकटीचा ड्रॉपडाउन उघडा, तिथे तोच पाथ अक्षराऐवजी डिस्कच्या नावाने, चौकोनी कंसात 'कॉपी-एक' असा लिहिलेला मिळेल. तो निवडा. आता अक्षर कुठलंही येवो, ती डिस्क नावानेच शोधली जाईल.

मग एफ-६ दाबा, तुलना कशी करायची ते विचारेल. 'फाईल टाइम अँड साइज' असतं तेच राहू दे, रोजच्याला तेच वेगात होतं. 'फाईल कंटेंट' म्हणजे दोन्हीकडची प्रत्येक फाईल आतून वाचून जुळवणार, तास जातात, पण वर्षातून एकदा पावसाळ्याच्या आधी ते जरूर करा, डिस्कवरची कॉपी खरंच धड आहे का ते त्यातच कळतं.

एफ-७ म्हणजे फिल्टर. इथे 'एक्सक्लूड'च्या चौकटीत रीसायकल बिन, सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन वगैरे आधीच असतं. त्यात टेम्पररी फाईली, म्हणजे टीएमपी एक्स्टेन्शनच्या, आणि वर्ड-एक्सेल उघडं असताना तयार होणाऱ्या, टिल्ड आणि डॉलर या चिन्हांनी सुरू होणाऱ्या फाईली टाका, प्रत्येक ओळीत एक.

आता एफ-८, हा खरा मुद्दा. वरती 'टू वे', 'मिरर', 'अपडेट', 'कस्टम' अशी बटणं दिसतात. 'मिरर' निवडा. खाली डिलीट झालेल्या आणि बदललेल्या फाईलींचं काय करायचं ते असतं: 'रीसायकल बिन', 'पर्मनंट', 'व्हर्जनिंग'. 'व्हर्जनिंग' निवडा आणि त्याला डिस्कवरचा 'जुनं' फोल्डर दाखवा. नाव द्यायच्या पद्धतीत टाइम स्टॅम्पवाला, फाईलला लावायचा, तो पर्याय घ्या. 'रिप्लेस' घेतलात तर प्रत्येक फाईलची एकच जुनी कॉपी राहते आणि दुसऱ्यांदा बदल झाला की पहिली गेली, त्याचा उपयोग कमी.

म्हणजे आता काय होणार, तर डावीकडे बिल डिलीट झालं की उजवीकडचं बिल पुसलं न जाता 'जुनं'मध्ये जाऊन बसेल आणि त्याच्या नावापुढे तारीख-वेळ लागेल. बिल बदललं तरी तसंच, आधीचं रूप 'जुनं'मध्ये, नवीन रूप 'मिरर'मध्ये. कायम साठत गेलं तर डिस्क भरेल म्हणून खाली मर्यादा घालता येते, किती दिवसांपर्यंतची ठेवायची आणि कमीत कमी किती. मी लोकांना १८० दिवस लावून देतो, कारण आपल्याकडे एका सीझनची गडबड दुसऱ्या सीझनला लक्षात येते. फोटो-व्हिडिओवाल्यांनी ९० ठेवावं, त्यांच्या फाईली जड.

'ओके' करा आणि एफ-५, म्हणजे 'कंपेअर'. अजून काहीही कॉपी झालेलं नाही, फक्त यादी आली. मधल्या कॉलमकडे बघा, प्रत्येक फाईलचं काय होणार ते तिथे चिन्हात असतं, आणि खाली किती नवीन, किती बदलणार, किती पुसणार याचे आकडे. पहिल्या वेळी सगळंच उजवीकडे नवीन जाणार, पुसायचा आकडा शून्य हवा. शून्य नसेल तर थांबा, कुठलातरी पाथ चुकलाय. सगळं ठीक असेल तर एफ-९. पहिली कॉपी फोटोंच्या मानाने दोन-चार तासही घेईल, त्यानंतर रोज फक्त फरक जातो, मिनिटाभरात होतं.

त्यात लाईट गेली तर? आमच्या गुहागर-चिपळूण पट्ट्यात हा प्रश्न पहिला येतो. फ्रीफाईलसिंक फाईल आधी तात्पुरत्या नावाने लिहितं आणि पूर्ण झाली की मगच खरं नाव देतं, त्यामुळे अर्धवट फाईल चांगल्या फाईलवर बसत नाही. लाईट आली की परत चालवा, जे राहिलं तेवढंच करेल. डिस्कचं स्वतःचं मात्र असं नाही, लिहिता लिहिता करंट तुटणं कुठल्याच डिस्कला मानवत नाही, म्हणून डेस्कटॉप असेल तर यूपीएस हवाच. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं समजू नका, काही साधे इन्व्हर्टर मेन्सवरून बॅटरीवर जाताना एवढा वेळ घेतात की कॉम्प्युटर तेवढ्यात बंद पडतो.

परत मिळतं का ते बघा

हे कोणी करत नाही. 'काम'मध्ये 'चाचणी' म्हणून एक वर्डची फाईल करा, दोन ओळी लिहा, सिंक. मग ओळी बदला, परत सिंक. मग फाईल डिलीट, परत सिंक. आता 'जुनं' उघडा, दोन्ही रूपं तारखेसकट तिथे सापडली पाहिजेत. त्यातली एक उचलून परत 'काम'मध्ये टाका, नावातली तारीख काढा, उघडते का बघा. जुनी फाईल परत आणायची पद्धत एवढीच, वेगळं रिस्टोअरचं बटण शोधत बसू नका. फाईली साध्याच राहतात, उद्या हे सॉफ्टवेअर नसलेल्या कॉम्प्युटरलाही डिस्क लावली तरी उघडतात, आणि मला हे या पद्धतीतलं सगळ्यात आवडतं.

आपोआप कसं करायचं

वरती सेव्हच्या बटणांत 'सेव्ह ॲज बॅच जॉब' आहे, त्याने आपलं सगळं सेटिंग एका फाईलीत (बॅच फाईल) साठतं आणि ती चालवली की सिंक आपोआप होतं. तिथे 'रन मिनिमाइझ्ड' आणि 'ऑटो-क्लोज'ला टिक करा म्हणजे काम करताना मध्ये खिडक्या उघडणार नाहीत. 'इग्नोर एरर्स'ला टिक करू नका. बरेच जण त्रास नको म्हणून करतात, पण दोन फोल्डरांत फार मोठा फरक दिसला की हे सॉफ्टवेअर 'योग्य फोल्डर निवडलेत ना' असं विचारतं, आणि अर्धा फोल्डर गायब झालाय किंवा व्हायरसने नावं बदललीत हे पहिल्यांदा तिथेच कळतं. तो प्रश्न दाबून टाकू नका. बॅच फाईल 'काम' फोल्डरमध्येच सेव्ह करा, तिचीही कॉपी राहते.

मग स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' शोधा, 'क्रिएट बेसिक टास्क', नाव काहीही, 'डेली', आणि वेळ. रात्री ११ ची वेळ देऊ नका, तेव्हा मशीन बंद असतं. आपल्याकडे दुपारी दुकानं बंद होतात तो वेळ उत्तम, दीड-दोनच्या सुमारास, मशीन चालू ठेवून जेवायला जायचं. त्यावेळी टॅली बंद करून जायचं एवढी सवय लावा, डेटा उघडा असताना घेतलेली कॉपी अर्धीमुर्धी होऊ शकते. 'ॲक्शन'मध्ये 'स्टार्ट अ प्रोग्रॅम', प्रोग्रॅम म्हणून प्रोग्रॅम फाइल्समधलं फ्रीफाईलसिंक डॉट ईएक्सई, आणि 'ॲड आर्ग्युमेंट्स'मध्ये बॅच फाईलचा पूर्ण पाथ दुहेरी अवतरणात. शेवटच्या पानावर 'ओपन द प्रॉपर्टीज'ला टिक करून 'फिनिश'.

प्रॉपर्टीज उघडली की दोन गोष्टी बदला, आपल्यासाठी या दोनच पण मोलाच्या. 'कंडिशन्स' टॅबमध्ये एसी पॉवर असेल तरच टास्क सुरू करा अशी टिक आधीपासून असते, लॅपटॉपवाल्यांनी ती काढा, नाहीतर लाईट नसलेल्या दिवशी सिंक होणारच नाही, आणि पावसात असे दिवस लागोपाठ येतात. 'सेटिंग्ज' टॅबमध्ये ठरलेली वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालवा अशी ओळ आहे, तिला टिक करा. म्हणजे दुपारी मशीन बंद होतं तरी नंतर चालू केल्यावर सिंक आपोआप उरकेल.

जुन्या डेस्कटॉपचं घड्याळ लाईट गेल्यावर मागे जात असेल, कॉम्प्युटर एकदम भलत्याच सालात उघडत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ सेल बदला. किरकोळ किमतीचा सेल असतो, पण घड्याळ चुकलं की शेड्युल चुकतं आणि 'जुनं'मधल्या तारखांना काही अर्थ उरत नाही.

फ्रीफाईलसिंकसोबत रिअलटाइमसिंक नावाचं दुसरं प्रोग्रॅम येतं. बॅच फाईल त्यात ओढून टाकली की ते फोल्डरवर नजर ठेवतं, बदल झाला आणि ठरवलेले सेकंद शांतता राहिली की सिंक चालवतं. डिस्क लावलेली नसेल तर ती लागेपर्यंत थांबून राहतं. दिवसभर बिलं फाडणाऱ्याला चांगलं आहे, पण त्यासाठी डिस्क कायम जोडलेली लागते, आणि जून ते सप्टेंबर विजा कडकडतात तेव्हा कायम जोडलेली डिस्क म्हणजे कॉम्प्युटरसोबत तीही गेली. माझ्या मते बाकी वर्षभर हवं तर रिअलटाइम, पावसाळ्यात दुपारचं शेड्युल आणि सिंक झालं की डिस्क काढून ठेवायची.

ठेवायची कुठे, तर झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून. समुद्राच्या खाऱ्या हवेने यूएसबीच्या पिना गंजतात, केबलच्या आधी. आणि डबा त्याच टेबलाच्या खणात नको. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा दुकानात कॉम्प्युटर वर ठेवलेला की खाली याने काही फरक पडला नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-दापोलीकडे घरांचे पत्रे आणि कौलं उडाली, वरून पाऊस आत. म्हणून एकच डिस्क पुरत नाही.

दुसरी डिस्क चाकरमान्यांच्या हाती

यासाठी आपल्याकडे कुठल्याही क्लाउडपेक्षा भरवशाची सोय आहे: शिमगा, मे महिना आणि गणपती. मुंबईची माणसं येतात आणि जातात. दुसरी डिस्क घ्या, नाव 'कॉपी-दोन', त्यावरही 'मिरर' आणि 'जुनं', आणि तिच्यासाठी वेगळा बॅच जॉब. भाऊ, काका, आत्या जे कोणी परत जाताना डिस्क नेईल त्याच्या कपाटात ती राहते, पुढच्या सणाला येते, जॉब चालवला की मधल्या महिन्यांचा फरक तिच्यावर जातो, परत रवाना. ही डिस्क लागलेली असताना पडद्यावर पुसायचे आकडे मोठे दिसणं साहजिक आहे, महिन्यांचा फरक आहे, पण जॉब चालवायच्या आधी एफ-५ दाबून यादी वरून खाली एकदा नजरेखालून घालाच. गणपतीला आणलेली डिस्क विसर्जनाच्या गडबडीत इथेच राहते, म्हणून आल्या दिवशीच जॉब लावून ती पाहुण्यांच्या बॅगेत परत टाका.

बाहेरगावी जाणारी डिस्क पासवर्डने बंद हवी, त्यात लोकांची आधार कार्डं असतात, होमस्टेवाल्यांकडे तर नक्कीच. विंडोज प्रो असेल तर डिस्कवर राइट क्लिक करून बिटलॉकर हे विंडोजचंच कुलूप चालू करता येतं, होम एडिशनवर अशी डिस्क उघडते पण नव्याने लॉक करता येत नाही, तिथे व्हेराक्रिप्ट हे फुकट सॉफ्टवेअर वापरा. पासवर्ड आणि बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून घरच्या कागदपत्रांत ठेवा, त्याच कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये नको.

दुकानात एक आणि घरी एक असे दोन कॉम्प्युटर असतील आणि दोन्हीकडे काम चालत असेल तर मिरर वापरूच नका. तिथे 'टू वे' लागतं, ते दोन्ही बाजूंना एक छोटी डेटाबेस फाईल ठेवून मागच्या वेळेपासून कुठे काय बदललं ते ओळखतं, ती फाईल कचरा समजून डिलीट करू नका. एकच फाईल दोन्हीकडे बदलली असेल तर ते तुम्हाला विचारेल. दोन्ही मशीन एकाच वायफायवर असतील तर सिंकथिंग बघा, तेही फुकट आहे आणि फाईली थेट एका मशीनवरून दुसऱ्यावर जातात, मध्ये कोणाचा सर्व्हर साठवत नाही. आणि कोणी सांगेल की विंडोजमध्ये रोबोकॉपी ही कॉपी करायची कमांड आहेच, एका ओळीत होतं. होतं खरं, पण त्याचा मिररचा स्विच पुसताना रीसायकल बिनमध्येही टाकत नाही आणि आधी यादी हवी असेल तर ती वेगळी मागावी लागते. कमांड लिहायची सवय असलेल्याने ते वापरावं, बाकीच्यांनी एफ-५ दाबून यादी बघावी.